आस्थापनेचा प्रकार

फॉर्मवर सातवा रकाना:
आस्थापनेचा प्रकार.
खूण एकाच चौकोनात करायची, शेठ बजावतात,
दोन केल्या की पुण्याचा कॉम्प्युटर फॉर्म थुंकून टाकतो.

घरगुती कनेक्शनवर धंद्यात टीव्ही लावणारे
पकडायचे आणि मोठ्या दरात आणायचे,
एवढंच माझं काम.
पकडायचे हा शब्द माझा नाही.

एसटी स्टँडमागचं लॉज सोपं.
खोल्या अठरा, पॉइंट अठरा, दर खोलीमागे.
मॅनेजर बिराजदार सांगतो, चौदा नंबरचा रिमोट
कुणीतरी बॅगेत घालून नेला,
तेव्हापासून तिथं एकच चॅनेल, कन्नड भजनं.
आणि इंडीचे एक गृहस्थ
महिन्यातून एकदा येऊन
नेमकी चौदाच मागतात.

यासीनच्या सलूनला खुर्चीमागे दर.
टीव्ही पाठीमागच्या भिंतीला, आरसा पुढं,
गळ्याशी वस्तरा, मान वळवायची सोय नाही.
सगळी मॅच उलटी बघायची:
डावखुरा होतो उजवा,
धावफलक वाचता वाचता ओव्हर संपते.
"उलट्या टीव्हीला अर्धाच दर लाव की बे,"
यासीन म्हणतो, आणि खरंच
असा चौकोन फॉर्मवर नाही.

होटगी रोडला डायलिसिस सेंटर.
बेड सहा, पडदे सहा.
चार नंबरचे हत्तुरे सर
सोमवार-गुरुवार चार तास
फक्त धबधबे बघतात.
डॉक्टरांनी पाणी मोजून दिलंय, दिवसाला पाऊण लिटर.
"महापालिकेपेक्षा बरं," ते म्हणतात,
"रोज तरी देतात."
मी सहा बेड लिहिले.
गुरुवारी सही घ्यायला गेलो तेव्हा
चार नंबरवर धबधबा चालू होता,
चादर नवी होती.
मी काही विचारलं नाही.

अक्कलकोट रोड, टॉवेलचा कारखाना.
मागांच्या खडखडाटात
टीव्हीचा आवाज ऐकणार कोण?
रात्रपाळीला डोळा लागू नये म्हणून लावलाय.
प्रेक्षक किती, असा पोटरकाना आहे.
मुकादम हसला.
"बघत कुणीच नाही. तोच आमच्याकडं बघतो."

आणि मग विडी घरकुल.
बालव्वा कुरापाटी, एक खोली, एक टीव्ही,
त्यासमोर चौघीजणी मांडीवर सूप घेऊन.
पान, तंबाखू, दोरा.
डोळे सिरियलमध्ये, बोटं आपली आपण वळतात.
सासू सुनेला घराबाहेर काढत असते
आणि इकडं एक विडी पुरी होते.
दिवसाकाठी हजार.

मी सातव्या रकान्यावर पेन टेकवलं.
घर म्हणावं तर चौघींचा कारखाना,
कारखाना म्हणावं तर कोपऱ्यात पाळणा,
दांडीवर वाळणारा पोराचा गणवेश.

बालव्वा न बघताच म्हणाली,
"घर लिव.
कंपनी पण घरच लिवती.
म्हणून तर लाईट माझी, पंखा माझा,
आणि पाठ पण माझीच."
दोरा दाताखाली तोडला.
"आणि धंदा लिवलास, तर
टीव्हीचं बिल कंपनीकडनं आणशील का?"

उत्तराला जागा नव्हती, ना फॉर्मवर, ना तोंडात.
आमच्या माळ्यावर आईचं सूप अजून आहे,
पालथं, त्यात सेट टॉप बॉक्सचं खोकं.
हे तिला सांगावंसं वाटलं.
सांगितलं नाही.
पेन बराच वेळ एकाच जागी राहिलं,
दोन चौकोनांच्या मधोमध शाई फुटली.

तेवढ्यात जाहिरात लागली.
चौघींनी मान खाली घातली,
पहिल्यांदाच आपल्या हातांकडं बघितलं,
आणि जुड्या मोजायला लागल्या,
पंचवीसची एक.

"थांब, तुझ्यामुळं चुकलं,"
बालव्वा म्हणाली,
आणि परत पहिल्यापासून
ओकटी, रेंडू, मूडू.